बिऱ्हाड कोठे करावे? : मुंबई शहर आणि तिची उपनगरे

पाठाची ओळख

नोकरी, शिक्षण, उद्योगधंदा, औषधोपचार अशा नाना कारणांनी माणसे आपले गाव सोडून महानगराची वाट धरतात. गाव सोडण्याचा निर्णय अवघड असतोच. परंतु तो घेतल्यावर लगेच दुसरा प्रश्न समोर उभा राहतो. राहायचे कोठे? कामाच्या ठिकाणाजवळ, शहरातल्या लहानशा खोलीत, की दूरच्या उपनगरात, थोड्या ऐसपैस घरात? बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथून मुंबईत येणाऱ्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न पडतो, तसाच तो कोकणातून, सोलापुराहून किंवा बिहारमधून येणाऱ्या कुटुंबालाही पडतो.

प्रस्तुत पाठात मुंबई महानगराचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे. शहर चांगले की उपनगर चांगले, असा एकच निकाल सर्वांसाठी देता येत नाही. मात्र दूर राहून घरभाड्यात जी रक्कम वाचते, तिची किंमत घरातील कोणीतरी आपल्या वेळेच्या आणि श्रमाच्या रूपाने चुकवत असते. ती किंमत किती आणि ती कोण चुकवतो, हे आधी पाहिले तर निर्णय डोळसपणे घेता येतो.

१. शहर कोठे संपते?

मुंबईच्या नकाशात दक्षिणेकडे निमुळता होत गेलेला भूभाग दिसतो. कुलाब्यापासून पश्चिमेस माहीमपर्यंत आणि पूर्वेस शीवपर्यंतच्या या भागाला 'शहर' म्हणतात. हा भाग मूळचा सात बेटांचा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे होत. समुद्रात भराव घालून आणि बांध बांधून ती हळूहळू एकमेकांना जोडली गेली. माहीमची खाडी ओलांडली की वांद्रे लागते. तेथून दहिसरपर्यंत पश्चिम उपनगरे पसरली आहेत. शीवच्या पलीकडे कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा पट्टा पूर्व उपनगरांचा आहे. १९५० आणि १९५७ साली झालेल्या हद्दवाढींमुळे ही उपनगरे मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्रात आली. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

नव्या माणसाला शहराची ही सीमा एका साध्या खुणेवरून ओळखता येते. मुंबई शहर भागात ऑटोरिक्षांना परवानगी नाही. तेथे बस आणि टॅक्सी चालते. माहीम किंवा शीव ओलांडले की रिक्षा दिसू लागतात.

बोलण्यात मात्र 'उपनगर' हा शब्द याहून व्यापक अर्थाने वापरला जातो. ठाणे, डोंबिवली, कल्याण, मीरा रोड, वसई, विरार, वाशी, पनवेल या ठिकाणी राहणारी आणि मुंबईत कामाला जाणारी माणसेही स्वतःला मुंबईचीच समजतात. तथापि ही ठिकाणे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, नवी मुंबई आणि पनवेल येथे स्वतंत्र महानगरपालिका आहेत. पाणी, मालमत्ता कर, रस्ते, पालिकेच्या शाळा आणि दवाखाने ही त्या त्या महानगरपालिकेची जबाबदारी असते. म्हणून घर पाहण्यापूर्वी ते कोणत्या महानगरपालिकेच्या हद्दीत येते, हे विचारून घेणे हिताचे ठरते.

२. वस्ती उत्तरेकडे का सरकली?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किलोमीटरचा प्रवास करणारी रेल्वेगाडी धावली आणि भारतात प्रवासी रेल्वेचा प्रारंभ झाला. कामाच्या जागेपासून लांब राहण्याची सोय होण्याची ती सुरुवात होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी गाडी सुरू झाली आणि उपनगरी वाहतुकीला वेग आला.

दाट वस्तीतून बाहेर पडण्याची निकड मात्र त्याआधीच निर्माण झाली होती. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आणि अरुंद गल्ल्यांत रोग झपाट्याने पसरला. त्यानंतर १८९८ साली शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर, माटुंगा या भागांत आखीव रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळी दादर-माटुंगा हे गावाबाहेरचे ठिकाण वाटत असे. आज दादर ही शहराच्या ऐन मध्यावरील गजबजलेली वस्ती आहे. कालचे उपनगर आज शहर होते, ही गोष्ट घर निवडताना विसरता कामा नये.

कापडगिरण्यांच्या काळात लालबाग, परळ, नायगाव, वरळी या भागांत कामगारांच्या चाळी होत्या. गिरणीचा भोंगा ऐकून चालत कामावर जाता येईल, इतके घर जवळ असे. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकाच गावचे लोक मिळून एक खोली भाड्याने घेत आणि पाळीपाळीने तिथे झोपत. गोव्याहून बोटीवर कामासाठी येणाऱ्या तरुणांसाठी धोबी तलाव परिसरात गावोगावच्या 'कुडी' होत्या. शहरात नव्याने येणाऱ्याला जागेइतकाच आपल्या माणसांचा आधारही लागतो, हे या व्यवस्थांनी जाणले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत अनेक गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगावातील कामगार कुटुंबे मोठ्या संख्येने डोंबिवली, कल्याण, विरार अशा ठिकाणी गेली किंवा गावी परतली. दरम्यान, मुंबईवरील भार कमी व्हावा म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली होती. १९९२ साली मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि नवी मुंबई खऱ्या अर्थाने जवळ आली.

या सरकत्या वस्तीचे चित्र जनगणनेच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३,३८,०३१ होती. २०११ साली ती ३०,८५,४११ झाली. म्हणजे दहा वर्षांत ती अडीच लाखांनी घटली. याच काळात मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेली. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा, म्हणजे आजचे ठाणे आणि पालघर हे दोन्ही जिल्हे मिळून, सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्येसह देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता.

३. पैशाचा हिशेब आणि वेळेचा हिशेब

शहरापासून जसजसे दूर जावे, तसतसे त्याच भाड्यात मोठे घर मिळते. बहुतेक कुटुंबे एवढाच हिशेब करून उपनगराची निवड करतात. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. एका कल्पित उदाहरणावरून हे समजून घेता येईल. त्यातील रकमा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतल्या आहेत. प्रत्यक्षात भाडी ठिकाणागणिक आणि इमारतीगणिक बदलतात.

समजा, एका गृहस्थाला फोर्ट भागातील कार्यालयात नोकरी लागली आहे. त्याचा पगार महिना २५,००० रुपये आहे. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास काम धरले, तर त्याच्या कामाचे २०० तास होतात. म्हणजे त्याच्या एका तासाचा मोबदला १२५ रुपये आहे. त्याची पत्नी तूर्त घरी आहे. त्याच्यापुढे दोन घरे आहेत. लालबागला एक खोली असून तिचे भाडे २१,००० रुपये आहे. डोंबिवलीला दोन खोल्यांचे घर असून त्याचे भाडे ६,००० रुपये आहे. भाड्यातील फरक १५,००० रुपये. यातून डोंबिवलीचा रेल्वेचा पास आणि शेअर रिक्षा यांचा वाढीव खर्च १,५०० रुपये वजा केला, तर महिना १३,५०० रुपये वाचतात.

आता वेळ मोजू. वेळ मोजताना घराच्या उंबऱ्यापासून कार्यालयाच्या दारापर्यंतचा मोजायचा. केवळ लोकल गाडीचा नव्हे. लालबागहून चालणे आणि गाडी मिळून एका दिशेने ३५ मिनिटे लागतात, असे धरू. डोंबिवलीहून स्टेशनापर्यंत २० मिनिटे, फलाटावर १० मिनिटे, फास्ट लोकलने ७० मिनिटे आणि पुढे चालत १५ मिनिटे, अशी एकूण ११५ मिनिटे होतात. एका दिशेचा फरक ८० मिनिटांचा, तर जाऊन-येऊन १६० मिनिटांचा. महिन्याच्या २५ दिवसांत हा फरक ४,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ६७ तास होतो.

१३,५०० रुपयांना ६७ तासांनी भागले की तासाला सुमारे २०० रुपये येतात. याचा अर्थ असा की, प्रवासातील प्रत्येक जादा तासामागे हे कुटुंब २०० रुपये वाचवते. गृहस्थाच्या कामाच्या तासाचा मोबदला तर १२५ रुपयेच आहे. पैशाच्या दृष्टीने डोंबिवलीची निवड येथे योग्य ठरते.

पण त्याच्या पत्नीलाही फोर्टमध्येच आणि तितक्याच पगाराची नोकरी लागली, तर काय होईल? भाड्यातील फरक तोच, १५,००० रुपये. प्रवासाचा वाढीव खर्च मात्र दुप्पट, म्हणजे ३,००० रुपये. बचत उरली १२,००० रुपये. जादा प्रवासाचे तास दोघांचे मिळून सुमारे १३३ झाले. भागाकार केल्यास तासाला ९० रुपये येतात. प्रत्येकाच्या कामाचा तास १२५ रुपयांचा असताना प्रवासाचा तास ९० रुपयांना विकला जात आहे. घर तेच, भाडे तेच. परंतु रोज प्रवास करणारी माणसे एकाची दोन झाली आणि उत्तर बदलले. पत्नीची नोकरी ठाण्याला असती, तर हिशेब पुन्हा वेगळा झाला असता. म्हणूनच शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने कोठे घर घेतले, यावरून आपला निर्णय ठरवू नये.

४. वेळ कोणाच्या वाट्याचा?

वेळेची सगळीच किंमत रुपयांत मांडता येत नाही. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या वडिलांची मुलांशी भेट रविवारीच होते. पुष्कळदा रविवारीही रेल्वेच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो आणि कोणाकडे जाण्या-येण्याचा बेत रद्द करावा लागतो.

प्रवासाचा ताण घरातील सर्वांवर सारखा पडत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीला कार्यालयातील कामाआधी आणि नंतर घरकाम असते. संध्याकाळच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या स्त्रिया दिसतात. या दृश्याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. परंतु घरी पोहोचल्यावर भाजी निवडण्याइतकाही वेळ उरत नाही, म्हणून ती गाडीत निवडली जाते, हा त्यामागचा साधा अर्थ आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष गाडी सुरू झाली, तिच्यामागे दूरवरून येणाऱ्या नोकरदार स्त्रियांची हीच गरज होती.

अंतरामुळे घरचे जेवण आणि घरचा माणूस यांचीही ताटातूट होते. सकाळी लवकर निघणाऱ्याचा डबा त्या वेळी तयार नसतो. तो मागाहून उपनगरातून शहरात पोहोचवण्याचे काम मुंबईचे डबेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून करत आले आहेत.

गर्दीचा धोकाही ध्यानात घ्यावा लागतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन भरगच्च लोकल शेजारून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. ज्या स्थानकावरून गाडी सुटते, तेथे बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. मधल्या स्थानकावर गाडीत शिरणेही कठीण जाते. त्यामुळे कधीकधी थोडे अधिक दूरचे, पण गाडी जेथून सुटते ते स्थानक सोयीचे पडते. वयस्कर, आजारी किंवा गरोदर व्यक्तीला रोज प्रवास करायचा असेल, तर ही बाब भाड्यापेक्षाही महत्त्वाची ठरते.

५. पाणी, पाऊस, दवाखाना आणि इमारत

घर पाहायला लोक बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीनंतर जातात. मुंबईतील घराची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास पावसाची नोंद झाली. एकाच महानगरात एवढा फरक पडू शकतो. त्या पुरात मिठी नदीकाठच्या वस्त्यांची मोठी हानी झाली आणि हजारो नोकरदार रात्रभर कार्यालयांत किंवा रस्त्यांवर अडकून पडले. परळजवळचा हिंदमाता परिसर शहर भागात असूनही तेथे वर्षानुवर्षे पाणी साचत आले आहे. म्हणून 'येथे पावसात पाणी किती चढते?' हा प्रश्न दलालाला न विचारता खालच्या मजल्यावरील रहिवाशाला किंवा कोपऱ्यावरील दुकानदाराला विचारावा.

पिण्याच्या पाण्याचेही तसेच आहे. मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या जलाशयांतून पाणी मिळते. नवी मुंबईकडे मोरबे धरण आहे. शहराबाहेरच्या काही नव्या वसाहतींत मात्र नळाचे पाणी पुरेसे येत नाही व टँकर घ्यावा लागतो. टँकरचा खर्च इमारतीच्या देखभाल-शुल्कात मिळवला जातो आणि स्वस्त वाटणारे घर तितकेसे स्वस्त राहत नाही.

घरात दीर्घकाळ उपचार घेणारी व्यक्ती असेल, तर रुग्णालयाचे अंतर मोजावे. के. ई. एम., जे. जे., नायर, शीव आणि टाटा स्मारक ही मोठी रुग्णालये शहर भागात आहेत. उपनगरांतही रुग्णालये आहेत. उदाहरणार्थ, विलेपार्ले येथील कूपर रुग्णालय. टाटा स्मारक केंद्राचे एक केंद्र नवी मुंबईत खारघर येथेही आहे. आपल्याला लागणारा विभाग कोठे आहे, हे पाहून मगच घराचा विचार करावा.

इमारतीच्या सुरक्षिततेबाबत दोन्हीकडे सावध राहावे लागते. धोक्याचे रूप तेवढे वेगळे असते. शहरात फार जुन्या इमारती आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातील अशी एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शहराबाहेर अनधिकृत बांधकामांचा धोका आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा परिसरात बेकायदा बांधलेली इमारत कोसळून सत्तरहून अधिक जीव गेले. तेथे राहणाऱ्यांत बांधकामावरील मजुरांची कुटुंबेही होती. जुन्या इमारतीत संरचनात्मक तपासणी झाली आहे का आणि नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे दोन प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये.

६. भाडेकरार करताना

मुंबई शहरातील पुष्कळ जुन्या चाळींत पागडी पद्धत आहे. भाडेकरूने सुरुवातीला मोठी रक्कम द्यायची आणि पुढे अल्प भाड्यात राहायचे, अशी ती पद्धत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुनी भाडी गोठली आणि अशा इमारतींची दुरुस्तीही मागे पडली. नव्याने येणारे कुटुंब बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने घर घेते. हा करार अनेकदा अकरा महिन्यांचा असतो आणि त्यासाठी अनामत रक्कम द्यावी लागते.

महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे आवश्यक आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. करार नोंदवलेला नसेल, तर अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 'कागदपत्रांची काय गरज, विश्वासावर राहा', असे कोणी म्हणाले तरी नोंदणीचा आग्रह धरावा. मुलांचा शाळाप्रवेश, बँकेतील खाते, गॅसची जोडणी अशा अनेक कामांत हाच करार पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. घर विकत घ्यायचे असल्यास चालू प्रकल्पाची नोंदणी 'महारेरा' या प्राधिकरणाकडे झाली आहे का, हे पाहावे. ही व्यवस्था २०१७ सालापासून महाराष्ट्रात लागू आहे.

७. कामाची जागाही स्थिर नसते

पूर्वी मुंबईतील बहुतेक कचेऱ्या फोर्ट आणि नरिमन पॉइंट येथे होत्या. म्हणून सकाळी सारी गर्दी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाई. आता कामाची ठिकाणे विखुरली आहेत. अंधेरीतील सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुल, गिरण्यांच्या जमिनींवर उभी राहिलेली लोअर परळची कार्यालये, पवई, ऐरोली, ठाणे अशी अनेक केंद्रे तयार झाली आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात काम करणाऱ्याला कुलाबा जवळ नाही. आणि ऐरोलीत काम करणाऱ्याला ठाणे किंवा कळवा हे शहरापेक्षा कितीतरी सोयीचे आहे.

प्रवासाची साधनेही वाढली आहेत. लोकलचे मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण असल्याने पूर्व आणि पश्चिम उपनगरांत ये-जा करणे त्रासाचे होते. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर ही अडचण काही अंशी दूर झाली. २०२४ आणि २०२५ या वर्षांत टप्प्याटप्प्याने आरे ते कफ परेड हा भुयारी मेट्रोमार्ग खुला झाला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, आज दूर असलेले ठिकाण उद्या जवळ येऊ शकते. दुसरी म्हणजे, 'येथे लवकरच मेट्रो येणार' या आश्वासनावर आजचे घर निवडू नये. कारण मार्गाची घोषणा आणि पहिली गाडी यांत अनेक वर्षे जाऊ शकतात.

८. निर्णय कसा घ्यावा?

आतापर्यंतच्या विवेचनावरून निर्णयाची काही पायऱ्यांत मांडणी करता येते. प्रथम घरातील किती माणसांना रोज कोठे जायचे आहे, याची यादी करावी. यादीत केवळ कमावत्या व्यक्ती नसाव्यात. शाळेत जाणारी मुले आणि दवाखान्यात जाणारे आजी-आजोबाही असावेत. नंतर प्रत्येकाचा दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजावा. तो नकाशावर न मोजता कामाच्या दिवशी, सकाळच्या गर्दीच्या वेळी, एकदा प्रत्यक्ष प्रवास करून मोजावा. त्यानंतर भाड्यातील फरकातून प्रवासखर्च, टँकर, देखभाल-शुल्क वजा करून खरी बचत काढावी आणि ती जादा तासांशी ताडून पाहावी.

शेवटी घरातील सर्वांना एकत्र बसवून एक प्रश्न विचारावा : हे तास कोण देणार आहे? पुष्कळ घरांत प्रवास एकाने करायचा आणि घर दुसऱ्याने निवडायचे, असे घडते. ज्याच्या वाट्याला प्रवास येणार, त्याचे किंवा तिचे मत निर्णयात असलेच पाहिजे.

शक्य असेल तर पहिले वर्षभर घर विकत न घेता भाड्यानेच राहावे. एक पावसाळा, एक परीक्षांचा हंगाम आणि एक सणासुदीचा काळ त्या वस्तीत काढला की तिचे गुणदोष आपोआप कळतात. मुंबईत नोकरी बदलते, मुलांची शाळा बदलते, आणि पहिले घर बहुधा शेवटचे घर नसते.

समारोप

शहरातील एका खोलीत राहणारे कुटुंब सुखी असू शकते आणि उपनगरातील तीन खोल्यांत राहणारेही. शहरात राहणारा जागेची अडचण सोसतो आणि वेळ राखतो. उपनगरात राहणारा वेळ देतो आणि जागा मिळवतो. काय द्यायचे आणि काय राखायचे, हे प्रत्येक कुटुंबाच्या परिस्थितीनुसार ठरते. मात्र देणाऱ्या माणसाला विचारून आणि हिशेब मांडून घेतलेला निर्णय पुढे निभावणे सोपे जाते. संध्याकाळी दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगात घरच्यांशी चार शब्द बोलण्याइतकी शक्ती उरली आहे का, हेही घर पारखताना पाहावे.

स्वाध्याय

१. मुंबई 'शहर' आणि 'उपनगर' यांची सीमा कोठे आहे? ती ओळखण्याची पाठात दिलेली खूण सांगा.

२. १८९६ ची प्लेगची साथ आणि १९८२ चा गिरणी संप यांचा मुंबईच्या वस्तीवर कोणता परिणाम झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.

३. पाठातील उदाहरणात पत्नीलाही फोर्टमध्ये नोकरी लागल्यावर हिशेबाचे उत्तर का बदलले?

४. 'कालचे उपनगर आज शहर होते.' हे विधान तुमच्या परिचयाच्या एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या आधारे स्पष्ट करा.

५. तुमच्या घरातील सर्वांना रोज कामासाठी, शाळेसाठी किंवा अन्य कारणांसाठी किती वेळ प्रवास करावा लागतो, याचा आठवडाभराचा तक्ता तयार करा. त्यात सर्वाधिक वेळ कोणाचा जातो आणि त्यावर काय उपाय करता येईल, यावर दहा ओळी लिहा.